खोक्यावरचे ल्युमेन आणि हॉलमधला अंधार

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून ओळखीतल्या निम्म्या घरांत 'हॉलमध्येच थिएटर करू या' हा विषय निघालेला आहे. खारघरच्या माझ्या मावसभावाने एका रात्री जाहिरातीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, दहा हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर नऊ हजारांत मिळतोय. आज रात्री ऑफर संपते. घेऊ का?" मी त्याला विचारलं, "हॉल लांबीला किती आहे? आणि पंखा नेमका कुठे आहे?"

त्याला वाटलं, मी मेसेज नीट वाचलाच नाही. पण उत्तर खरोखरच पंख्यात होतं. प्रोजेक्टरची खरेदी बहुतेक जण शेवटच्या आकड्यापासून, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या ल्युमेनपासून सुरू करतात. खरा क्रम याच्या उलटा आहे. आधी बसायची जागा ठरते, तिच्यावरून पडदा ठरतो, पडद्यावरून प्रोजेक्टरची जागा ठरते आणि सगळ्यात शेवटी किती प्रकाश लागेल ते कळतं. त्यातही खोलीत अंधार किती करता येतो, यावर निम्म्याहून जास्त गोष्टी अवलंबून असतात. भावाचाच हॉल उदाहरण म्हणून घेऊ. रुंदी १० फूट, लांबी १७ फूट, छत साडेनऊ फुटांवर, एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या टोकाला जेवणाचं टेबल आणि किचन. ठाण्यात घोडबंदर रोडला असो की नवी मुंबईत, हे वर्णन वाचून अनेकांना आपलंच घर आठवेल.

आधी सोफा, मग पडदा

नाट्यगृहात तिकीट काढताना आपण पहिली रांग टाळतो, कारण तिथून मान वळवून वळवून बघावं लागतं. शेवटच्या रांगेतून चेहरे दिसत नाहीत. पडद्याचंही असंच असतं. पडदा डोळ्यांसमोर जितका कोन व्यापतो, त्यावर बघण्याची मजा ठरते. साधारण ३० अंश असेल तर आरामात दिसतं, ४० अंशांच्या आसपास 'थिएटरमध्ये बसलोय' असं वाटू लागतं.

कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर पडद्याच्या रुंदीच्या १.९ पट असेल तर ३० अंश होतात, १.४ पट असेल तर ४० अंश. इथे रुंदी म्हणजे आडवी बाजू. दुकानात सांगतात तो '१०० इंच' हा आकडा कर्णाचा, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. हल्लीच्या १६:९ आकारात १०० इंची पडदा ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच भरतो, ८० इंची पडदा ७० इंच रुंद.

भावाच्या घरी टीव्ही लांब भिंतीवर होता आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला. हॉल १० फुटांचा, पण सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून जवळजवळ दोन फूट पुढे येतात. उरले ८ फूट, म्हणजे ९६ इंच. त्याला १.४ ने भागलं तर पडद्याची रुंदी जेमतेम ६९ इंच येते. तिथे ८० इंचांच्या वर जाण्यात अर्थ नव्हता.

मग आम्ही हॉलची दिशा बदलली. पडदा बाल्कनीच्या दारासमोर वरून खाली ओढायचा आणि सोफा हॉलमध्ये आडवा ठेवायचा, पाठ जेवणाच्या टेबलाकडे. डोळे पडद्यापासून ११ फुटांवर आले. तिथून १०० इंची पडदा ३६-३७ अंश व्यापतो. सोफ्यामागे टेबलाला जागाही उरली. एवढ्या एका बदलाने पडद्याचं क्षेत्रफळ १९ चौरस फुटांवरून ३० चौरस फुटांवर गेलं आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नव्हता.

पडदा किती उंच लावायचा, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. नजर पडद्याच्या खालच्या एक-तृतीयांश भागाजवळ पडावी. आमच्या हिशेबात पडद्याची खालची कड २७ इंचांवर आली आणि वरची ७६ इंचांवर, म्हणजे सव्वासहा फुटांच्या किंचित वर. 'छताला टेकवून लावू, भव्य दिसेल' असा आग्रह घरोघरी होतो. दोन तासांच्या सिनेमानंतर मान त्याचा हिशेब मागते.

प्रोजेक्टर किती लांब टांगायचा?

इथे एक शब्द शिकावा लागेल: थ्रो रेशो. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. थ्रो रेशो १.५ असेल तर १ फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर दीड फूट मागे लागतो. ८७ इंच रुंद चित्रासाठी तो १३१ इंचांवर, म्हणजे जवळजवळ ११ फुटांवर हवा. हा आकडा प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो. काही प्रोजेक्टरना झूम असतो, त्यांचा आकडा '१.३ ते १.६' असा पल्ल्यात लिहिलेला असतो. सध्या लोकप्रिय असलेल्या छोट्या, उचलून नेता येणाऱ्या स्मार्ट प्रोजेक्टरपैकी बहुतेकांना खरा झूम नसतो आणि त्यांचा थ्रो रेशो १.२ च्या आसपास ठरलेला असतो.

आता पंखा. भावाच्या हॉलमध्ये तो बरोबर मध्यावर आहे, म्हणजे पडद्यापासून साडेआठ फुटांवर. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन-दोन फूट फिरतात. त्यामुळे साडेसहा ते साडेदहा फुटांच्या पट्ट्यात छतावरून काहीही खाली सोडता येत नाही. प्रोजेक्टर एकतर साडेसहा फुटांच्या अलीकडे हवा, नाहीतर साडेदहाच्या पलीकडे.

१.२ चा प्रोजेक्टर ८७ इंची रुंदीसाठी पावणेनऊ फुटांवर लागतो. म्हणजे नेमका पंख्याच्या खाली. त्याला ११ फुटांवर नेला तर चित्र ११० इंच रुंद होतं आणि कर्ण १२६ इंचांवर जातो. १० फुटांच्या म्हणजे १२० इंचांच्या भिंतीवर ते कसंबसं बसेल, पण ११ फुटांवरून बघायला फार मोठं होईल. मेनूमध्ये जाऊन चित्र छोटं करता येतं, मात्र ते चित्र छोटं करणं म्हणजे चित्र बनवणारे कडेचे ठिपके (पिक्सेल) बंद करून टाकणं. पैसे पूर्ण ठिपक्यांचे मोजलेले असतात.

आम्हाला ११ फुटांवर ८७ इंच रुंदी हवी होती, म्हणजे १.५२. ज्याच्या पल्ल्यात हा आकडा बसतो तोच प्रोजेक्टर त्या हॉलमध्ये चालणार. जाहिरातीतला स्वस्त प्रोजेक्टर इथेच बाद झाला, ल्युमेनची गोष्ट निघण्याआधीच.

"पण लांब ठेवला की प्रकाश कमी होईल ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. टॉर्च लांब नेला की भिंतीवरचा उजेड मंद होतो, हे आपण पाहिलेलं असतं. पण टॉर्च लांब नेल्यावर त्याचं वर्तुळही मोठं होतं. मंदपणा येतो तो त्या मोठेपणामुळे. झूमने चित्राचा आकार तेवढाच ठेवला, तर तेवढाच प्रकाश तेवढ्याच जागेत पडतो. हॉलमधल्या हवेत तो वाटेत हरवत नाही.

थोडा फरक मात्र पडतो आणि त्याचं कारण लेन्समध्ये आहे. झूम लेन्स लांबून मारा करण्याच्या टोकाला नेली की तिच्यातून थोडा कमी प्रकाश बाहेर येतो. लेन्सनुसार ही घट कधी नगण्य असते, कधी एक-तृतीयांशापर्यंत जाते. म्हणून दोन जागा शक्य असतील तर पडद्याजवळची निवडावी. पंख्याने पर्यायच ठेवला नसेल, तर तेवढी घट हिशेबात धरून पुढे जावं.

तिरपा झोत आणि कीस्टोनचा मोह

छतावर लावलेला प्रोजेक्टर उलटा टांगतात. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरचं चित्र लेन्सच्या पातळीपासून किंवा तिच्या थोडं खालून सुरू होतं. म्हणजे चित्राची वरची कड ७६ इंचांवर हवी असेल, तर लेन्स ८० ते ८४ इंचांवर, साधारण सात फुटांवर आली पाहिजे. छत साडेनऊ फुटांवर, त्यामुळे दोन-सव्वादोन फुटांचा पाइप खाली सोडावा लागतो.

पाइप कुणालाच आवडत नाही. मग प्रोजेक्टर छतालाच चिकटवून खाली झुकवतात. झुकवला की चित्र खाली रुंद, वर अरुंद होतं, समलंब चौकोनासारखं. ते सरळ करायला कीस्टोन नावाची सोय असते. बटण दाबलं की चित्र चौकोनी दिसतं आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न मिटला. प्रत्यक्षात प्रोजेक्टर चित्राची रुंद बाजू आतून आवळतो. तिथले ठिपके काळे पडून वाया जातात, त्यांचा प्रकाश जातो आणि बारीक अक्षरांच्या कडा धूसर होतात. क्रिकेटच्या मॅचमध्ये स्कोअरकार्डच्या पट्टीवर हे सगळ्यात आधी जाणवतं. एकदा कधीतरी गच्चीवर सिनेमा दाखवायचा असेल तर कीस्टोन वरदान आहे. कायम टांगलेल्या प्रोजेक्टरला त्याची गरज पडावी, हे जागा चुकल्याचं लक्षण समजावं.

थोड्या महाग मॉडेलमध्ये लेन्स शिफ्ट असते. सरकत्या खिडकीचं तावदान जसं न वाकता सरकतं, तशी लेन्स वर-खाली सरकते आणि चित्र न बिघडता तिच्याबरोबर जातं. बीम मध्ये येत असेल, किंवा सोफ्यामागच्या कपाटावर प्रोजेक्टर ठेवायचा असेल, तर मी ल्युमेन थोडे कमी चालवून घेईन पण लेन्स शिफ्ट सोडणार नाही.

सात फुटांवर लेन्स आणल्याने भावाचा आणखी एक प्रश्न सुटला. पंख्याची पाती साडेआठ फुटांवर आहेत. पूर्ण झोत लेन्सच्या पातळीच्या खाली राहतो, त्यामुळे तो पंख्याखालून बिनधास्त जातो. लेन्स पात्यांच्या उंचीवर असती तर पडद्यावर सतत सावली फडफडत राहिली असती. आणि पाइप सोफ्यावर बसणाऱ्यांच्या डोक्यावर येत असल्याने येता-जाता कुणाला लागत नाही.

ल्युमेन: कणकेचा गोळा आणि पोळी

ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्याला कणकेचा गोळा समजा. गोळा तेवढाच ठेवून पोळी जितकी मोठी लाटाल तितकी ती पातळ होते. एकाच प्रोजेक्टरने ८० इंची चित्र लख्ख दिसतं आणि १२० इंची फिकट, कारण १२० इंची पडद्याचं क्षेत्रफळ ८० इंचीच्या सव्वादोनपट आहे.

म्हणून एकूण ल्युमेनपेक्षा चौरस फुटाचा दर बघावा. ठाणे-नवी मुंबईत आपण घर घेताना तेच करतो, एकूण किमतीआधी रेट विचारतो. डिजिटल सिनेमागृहांसाठी पडद्याच्या चमकेचं जे मानक आहे ते ४८ निट (निट हे चमक मोजायचं एकक). साध्या पांढऱ्या पडद्यासाठी त्याचा अर्थ होतो प्रत्येक चौरस फुटावर १४ ल्युमेन. थिएटरच्या अंधारात एवढ्यात आपण समाधानाने सिनेमा बघतो.

१०० इंची पडदा ३० चौरस फुटांचा. ३० गुणिले १४, म्हणजे ४२० ल्युमेन. एवढेच. हा आकडा सांगितल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता, कारण त्याच्या जाहिरातीत दहा हजार लिहिलं होतं.

कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप

पण पडद्यावर पोहोचणारे ४२० ल्युमेन आणि खोक्यावर छापलेले ल्युमेन यांत मोठं अंतर असतं. बिल्डर पूर्वी सुपर बिल्ट-अप सांगायचे आणि ताबा घेतल्यावर कार्पेट हातात यायचं, तसाच हा प्रकार. प्रोजेक्टरच्या बाबतीत मोजमापाचा नियम आहे. 'एएनएसआय ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' असं लिहिलेलं असेल तर प्रकाश ठरलेल्या पद्धतीने मोजलेला आहे: पांढऱ्या चित्राचे ९ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची. नुसतं 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' असं लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. काही ठिकाणी तर लेन्समधून बाहेर यायच्या आधीचा, दिव्यापाशीच मोजलेला प्रकाश छापतात.

स्वस्त प्रोजेक्टरचा दावा तपासायची एक घरगुती पद्धत आहे. तुमच्या घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो, म्हणजे वॉटमागे १००. प्रोजेक्टरमध्ये प्रकाशाला चित्र बनवणाऱ्या काचेतून किंवा चिपवरून, रंगांच्या गाळण्यांतून आणि लेन्समधून जावं लागतं, त्यात त्याचा मोठा भाग नाहीसा होतो. आता भावाने पाठवलेल्या प्रोजेक्टरचा अ‍ॅडॅप्टर पाहिला, तो ७० वॉटचा. उघड्या बल्बलासुद्धा ७० वॉटमध्ये ७,००० ल्युमेनच्या आसपासच जमतील. तिथे हा प्रोजेक्टर दहा हजार देतो म्हणे. अशा दाव्यात खरे ल्युमेन बरेचदा काही शेच निघतात. अ‍ॅडॅप्टरवरचे वॉट खोटं बोलत नाहीत, ते आधी वाचा.

प्रामाणिकपणे मोजलेल्या आकड्यातूनही थोडी वजाबाकी करावी लागते. छापलेला आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो, ज्यात पांढरा रंग हिरवट दिसतो. चेहऱ्यांचे रंग नैसर्गिक दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये प्रकाश निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत उरतो. मग लेन्सच्या झूमची घट. मग दिव्याचं वय. जुन्या पद्धतीच्या दिव्याचं आयुष्य '४,००० तास' लिहिलेलं असतं, तेव्हा ४,००० तासांनी त्याचा प्रकाश निम्म्यावर येईल असा त्याचा अर्थ असतो. रोज ३ तास बघितलं तर ही वेळ साडेतीन वर्षांत येते. लेझरवाल्यांसाठी हाच आकडा साधारण २०,००० तासांचा असतो.

हे सगळं धरून मी लागणाऱ्या ल्युमेनला चारने गुणतो. ४२० चे झाले जवळजवळ १,७००. म्हणजे अंधाऱ्या खोलीत १०० इंचांसाठी १,७०० ते २,००० खरे एएनएसआय ल्युमेन पुरतात, दिवा जुना झाल्यावरही.

"मग तीन हजारवाला घेतला तर दुप्पट छान दिसेल?" नाही दिसणार. आपले डोळे प्रकाश सरळ बेरजेने मोजत नाहीत. एखादी गोष्ट दुप्पट उजळ वाटायला प्रकाश साधारण आठपट लागतो. दीड हजार आणि दोन हजार ल्युमेनमधला फरक दोन प्रोजेक्टर शेजारी लावले तरच कळतो. त्या फरकाचे पैसे लेन्स शिफ्टवर किंवा चांगल्या पडद्यावर घालवणं मला जास्त पटतं.

काळा रंग फेकता येत नाही

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे जिथे प्रोजेक्टरने काही टाकलं नाही ती जागा. ती किती काळी दिसेल हे खोली ठरवते.

रांगोळी आठवा. गेरूने सारवलेल्या जमिनीवर पांढरी रांगोळी उठून दिसते. तीच रांगोळी पांढऱ्या टाइल्सवर काढली तर जवळ जाऊन शोधावी लागते. रांगोळी बदललेली नाही, खालची जमीन बदलली. प्रोजेक्टर म्हणजे रांगोळीची चिमूट आणि खोलीचा अंधार म्हणजे गेरू.

आकड्यांत बघू. पडद्यावर प्रोजेक्टरचा प्रकाश चौरस फुटाला १४. हॉलमधली ट्यूबलाइट चालू असेल तर तिचा उजेडही पडद्यावर पडतो, तो चौरस फुटाला १० धरू. मग पांढरा झाला २४ आणि काळा १०. पांढरा काळ्याच्या फक्त २.४ पट. रात्रीचं दृश्य असेल तर राखाडी धुक्यात काहीतरी हलतंय एवढंच कळेल. आता दिवे बंद केले, पडदे ओढले आणि उरलेला उजेड चौरस फुटाला अर्धा ल्युमेन राहिला. पांढरा साडेचौदा, काळा अर्धा. २९ पट!

ट्यूबलाइट चालू ठेवून हेच २९ पट हवे असतील तर? प्रोजेक्टरने चौरस फुटाला २८० ल्युमेन टाकावे लागतील, म्हणजे ३० चौरस फुटांच्या पडद्यावर ८,४००. ४२० च्या वीसपट. घरात ठेवता येईल असा एवढ्या ताकदीचा प्रोजेक्टर परवडणारा नाही. खिडकीला जाड, अस्तर लावलेला पडदा शिवून घेणं परवडतं. तुमच्या खोलीचा उजेड मोजायचा असेल तर फोनमध्ये लाइट मीटरचं अ‍ॅप घ्या, पडद्याच्या जागी फोन धरा आणि लक्समधला, म्हणजे चौरस मीटरमागच्या ल्युमेनचा, आकडा ११ ने भागा. आकडा अगदी अचूक नसेल, पण अंदाज येतो.

दिवे बंद केल्यावरही एक उजेड उरतो: चित्राचाच. पडद्यावरून परतलेला प्रकाश पांढऱ्या पीओपीच्या छतावर आणि चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळा रंग धुऊन टाकतो. सिनेमागृहांच्या भिंती गडद आणि कापडी असतात त्या याचसाठी. घर काळं करायला कुणी तयार होणार नाही. पण पडद्याला लागून असलेलं चार फूट छत गडद, चमक नसलेल्या रंगात रंगवलं आणि पुढ्यात गडद सतरंजी अंथरली, तर फरक पहिल्याच रात्री दिसतो. ल्युमेनवर खर्च केलेल्या कुठल्याही रुपयापेक्षा हा रुपया जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे.

भावाच्या घरी पडदा बाल्कनीच्या दारासमोर येत असल्याने मागून उन्हाचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड येणार होता. म्हणून प्रोजेक्टरचा पडदाच मागून काळं अस्तर असलेला घेतला. किचनचा दिवा मात्र सरळ पडद्यावर पडायचा. तिथे पॅसेजच्या तोंडाशी जाड कापडाचा साधा पडदा लावला.

"पण दुकानात दिवे चालू असताना झकास दिसत होतं!"

दुकानात प्रोजेक्टर भडक मोडमध्ये असतो, चित्र छोटं असतं आणि दाखवतात ती फुलं, मासे, समुद्रकिनारे अशी उजळ दृश्यं. त्यांत काळा रंग जवळजवळ नसतोच. डेमो बघायला जाताना रात्रीची, कमी उजेडाची दृश्यं असलेलं काहीतरी पेनड्राइव्हवर न्या आणि सिनेमा मोड लावायला सांगा. क्रिकेटची मॅच उजेडातही बऱ्यापैकी दिसते, कारण मैदान उजळ असतं. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मॅच छान दिसली म्हणून घरी रात्रीचा थरारपट तसाच दिसेल, असं गृहीत धरू नये.

मग टीव्हीच का घेऊ नये?

तुमचं बहुतेक बघणं दिवसा होत असेल, आई-बाबा दुपारी मालिका बघत असतील आणि हॉलच्या खिडक्या झाकणं शक्य नसेल, तर मोठा टीव्हीच घ्या. टीव्ही काही शे निट सहज देतो आणि बंद असताना त्याचा पृष्ठभाग मुळातच काळा असतो. प्रोजेक्टर तिथे हरणारच.

भिंतीलगत ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर हा मधला मार्ग. थ्रो रेशो ०.२५ च्या आसपास, म्हणजे १०० इंचांसाठी लेन्स भिंतीपासून २२ इंचांवर. पंखा, पाइप, बीम सगळे प्रश्न सुटतात. वरून येणारा उजेड शोषून खालून येणारा तेवढाच परतवणारा खास पडदा त्यांना मिळतो, त्यामुळे थोड्या उजेडातही काळा रंग टिकतो. पण तो पडदा ताणलेला आणि सपाटच लागतो. झोत इतका तिरपा असतो की भिंतीची किंवा लोंबत्या पडद्याची बारीकशी लाटसुद्धा चित्रात वाकडी रेघ होऊन दिसते. लहान मुलं वाकून लेन्समध्ये डोकावणार नाहीत, हेही बघावं लागतं.

साध्या प्रोजेक्टरला सुरुवातीला नुसती पांढरी मॅट भिंत चालते. पडदा सहा महिन्यांनी घेतला तरी काही बिघडत नाही.

आपल्याकडची हवा, धूळ आणि वीज

परदेशी माहितीपत्रकात न सांगितलेल्या काही गोष्टी इथे लागतात. घोडबंदर रोडवर मेट्रोचं आणि इमारतींचं काम सुरू असताना घरात किती धूळ येते, ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. फिल्टर असलेला प्रोजेक्टर असेल तर तो महिन्याला साफ करा. धूळ साचली की पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, दिवा तापतो. मागे-बाजूला गरम हवा बाहेर पडायला किमान अर्धा फूट जागा सोडा. सुताराकडून छान बंद पेटी करून घेतली तर प्रोजेक्टर त्यात गुदमरतो.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत महिनोन् महिने बंद ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरू शकते. आठवड्यातून एकदा तरी तासभर लावावा, ती उष्णताच ओल घालवते. वीज गेली की गरम दिव्याला गार करणारा पंखाही थांबतो. दिव्याच्या प्रोजेक्टरसाठी म्हणून छोटा यूपीएस हवा, सिनेमा पूर्ण करायला नव्हे, दिवा नीट गार होऊन बंद व्हायला.

नव्या टॉवरमध्ये भिंती अनेकदा सलग काँक्रीटच्या असतात, साइटवर त्यांना मिवान म्हणतात. त्या फोडून वायर आत घालता येत नाही, त्यामुळे पट्टीतून वरून न्यावी लागते. सोफ्याच्या वर टांगलेल्या प्रोजेक्टरपासून पडद्याजवळच्या कपाटापर्यंत भिंतीने आणि छताने फिरून जाणारी वायर सहज १० मीटर भरते. एवढ्या लांबीवर साध्या एचडीएमआय केबलमधून फोरके (4K) चित्र अडखळतं, ऑप्टिकल फायबरची घ्यावी. आणि पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर प्रोजेक्टर कधीही टांगू नये. त्यामागच्या खऱ्या स्लॅबपर्यंत अँकर गेला पाहिजे.

भोक पाडण्याआधी

भावाने शेवटी १.३ ते १.६ थ्रो रेशोचा, २,००० एएनएसआय ल्युमेनचा प्रोजेक्टर ठरवला. तो येण्याआधी आम्ही पडद्याच्या जागी मास्किंग टेपने ८७ बाय ४९ इंचांची चौकट लावली आणि दोन दिवस ती तशीच ठेवली. मावशीने सोफ्यावर बसून बघितलं आणि खालची कड आणखी दोन इंच खाली घ्यायला लावली. तिचे डोळे आमच्यापेक्षा खाली येतात आणि सगळ्यात जास्त बघणारी तीच आहे, त्यामुळे ते रास्तच होतं.

प्रोजेक्टर आल्यावरही ड्रिल लगेच काढलं नाही. सोफा तात्पुरता पुढे सरकवून त्यामागे जेवणाचं टेबल ओढलं, त्यावर एक स्टूल आणि पुस्तकांची चळत रचून लेन्स पडद्यापासून ११ फुटांवर आणली आणि आठवडाभर असंच बघितलं. दोन रात्री पंखा पाचावर, एक रात्र किचनचा दिवा चालू, रविवारी दुपारी मॅच. सातव्या दिवशी आकडे कागदावर लिहिले: पडद्याची खालची कड २५ इंच, वरची ७४, लेन्स ७९, अंतर १३२. तो कागद घेऊन भाऊ पाइप कापून आणायला गेला.